गव्हर्नरांचं गेट

आत्माराम शिवगणांना खुर्ची चावते, असं त्यांची बायको हंसा सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. रत्नागिरीहून खलाशी म्हणून नौदलात गेलेला हा माणूस लेफ्टनंट होऊन निवृत्त झाला, भाईंदर पूर्वेला खारी गावाला खेटून उभ्या राहिलेल्या सोसायटीत त्याने फ्लॅट घेतला आणि पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीवर चढून बसला.

वर्षभरात ते सेक्रेटरी झाले. मग काय विचारता! सकाळी गच्चीवर राउंड, दुपारी पार्किंगची तपासणी, लिफ्टमध्ये रोज नवा हुकूम. लोक पाठीमागे त्यांना 'गव्हर्नर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

घोडचूक झाली ती गेल्या चैत्रात. खारीच्या गावदेवीची पालखी ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या जायची, नेमकी त्याच वाटेवर ही सोसायटी उभी. म्हणून दरवर्षी पालखी पुढच्या गेटाने यायची, मागच्या गेटाने जायची. पण परवानगी मागितल्याशिवाय परक्या जहाजावर पाऊल ठेवायचं नाही, हे नौदलात अंगात भिनलेलं. गव्हर्नरांनी गेटला कुलूप ठोकलं. "आधी लेखी अर्ज आणा," म्हणाले. पालखी अर्धा तास उन्हात उभी राहिली आणि मागे फिरली. हंसाची ओटी ताटात तशीच राहिली. चार दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही.

यंदा सभासदांनी सभेत सरळच सांगितलं, "शिवगणसाहेब, पालखी आणा, नाहीतर सेक्रेटरीपद सोडा." साहेब मनात हिशोब मांडू लागले. पद गेलं तर दिवसभर करायचं काय? चार भिंतींत फेऱ्या मारायच्या?

तेव्हा ते शिष्टाईला निघाले. पालखीचा मान खारीतल्या शेवंतीबाईंकडे. म्हातारी अंगणात सुकट निवडत होती. साहेबांनी अटींचा कागद काढला: वेळ अमुक, ढोल तमुक, आणि अर्ज मात्र हवाच.

शेवंतीबाईंनी मान वर केली नाही. "देवी अर्ज करत न्हाय. तुमी हितं रावाला आलात, तवा आमाला कुनी इचारलं व्हतं काय?"

साहेबांनी कागदाची घडी घातली. उभ्या नोकरीत ते एकाही जहाजावर न विचारता चढले नव्हते. आणि इथे? कागद खिशात कोंबून ते घरी आले, पण घरात पाय ठरेना. कंपाउंडला फेऱ्या घालत राहिले.

पालखीच्या दिवशी त्यांनी दोन्ही गेटांची कुलपं काढली, पांढरा गणवेश चढवला आणि गेटाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पालखी आपल्या जुन्या वाटेने आली.

"शेवंतीबाई, मी तुमच्या वाटेवर राहतो. आत यायची परवानगी आहे का?"

ढोल थांबले. बाल्कन्या भरल्या होत्या. म्हातारीने त्यांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "थांब हितंच," म्हणाली.

पालखी आत गेली. पाठोपाठ बायका गेल्या, पोरं गेली. आत हंसाने ओटी भरली. कधी पाच मिनिटं एका जागी न थांबलेला माणूस भर उन्हात अर्धा तास उभा होता. पाय शिवशिवत होते, पण हलला नाही.

शेवटी मागच्या गेटाशी पोचलेली म्हातारी वळली आणि तिथूनच ओरडली, "ये आता, बाबा!"

साहेबांनी सॅल्यूट ठोकला आणि मगच आत पाऊल टाकलं.