वाचनालयातलं एकच वाचलेलं पुस्तक

चुडाव्याजवळच्या आमच्या गावात निजामाच्या अमदानीत चार जाणत्यांनी घरोघरी पुस्तकं मागून वाचनालय काढलं होतं. पुढं ते माझ्या काकांनी सांभाळलं. त्यातली एक कादंबरी मी लहानपणी इतक्यांदा घरी नेली की काका म्हणायचे, "पोरी, दुसऱ्याला बी वाचू दे की." डोंगरातल्या दरोडेखोरांच्या टोळीत शिरून बहिणीला सोडवणाऱ्या तरुणाची ती गोष्ट. पानोपानी तलवार. मला तेच आवडायचं.

गेल्या निवडणुकीत गावात नवे लोक निवडून आले. त्यांना वाचनालयाच्या जागी दुकानगाळे काढायचे होते. काकांनी किल्ली दिली नाही. मी तेव्हा माहेरी गेले होते. भर दुपारी आरडाओरडा ऐकून काकू आणि मी धावत गेलो, तर कुलूप तुटलेलं, कपाटं आडवी झालेली आणि दारापुढं पुस्तकं पेटलेली. काका जाळात हात घालून पुस्तकं ओढत होते. एकानं त्यांच्या मनगटावर कुऱ्हाडीचा दांडा घातला. वाळलेली तुराटी मोडावी तसं हाड मोडलं. ते खाली बसले तरी दांडे पडतच राहिले, पाठीत, डोक्यात. पुस्तकातली माणसं मारण्याआधी काहीतरी बोलतात. इथं सगळे नुसते धापा टाकत होते.

काकू कधी कुणाशी चढ्या आवाजात बोललेली मला आठवत नाही. तिनं मोडक्या कपाटाची फळी उचलली. फळीला खिळे तसेच होते. काकांवर ओणवा झालेल्याच्या तोंडावर तिनं ती हाणली. त्यानं रक्ताळलेला चेहरा वर केला. तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा होता तो.

"आत्या, मी हाय."

"दिसायलास मला," ती म्हणाली, आणि तिनं परत हाणलं.

तो पडल्यावर बाकीचे पळाले.

काकांची मूठ आता पुरती मिटत नाही. भाच्याचा एक डोळा गेला. दोन्हीकडून पोलिसात तक्रारी झाल्या, मग गावानं बसून त्या मागं घ्यायला लावल्या. भावानं काकूला निरोप पाठवला, "पुन्हा दारात येऊ नको." ती गेली नाही. गाळे उभे राहिले.

काकांना उचललं तेव्हा त्यांच्या अंगाखाली तीच कादंबरी निघाली, कडा जळलेली. "मुद्दाम न्हाई धरली," ते म्हणाले, "हाताला लागली तेवढी."

काकूला वाचता येत नाही. मी गेले की दुपारी ती पुस्तक माझ्यापुढं ठेवते. परवा तरुणानं पहिला दरोडेखोर कापला, तिथं तिनं मला थांबवलं.

"त्याच्या घरी कोण कोण होतं, लिव्हलंय का?"

"न्हाई, काकू."

"बरं, वाच पुढं," ती म्हणाली.