इंग्रजीतली दुखणी

आमच्या घरी दुखण्याचं नाव मराठीत घ्यायला बंदी होती. बंदी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते कंटोन्मेंटातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि तिथले म्हातारे डॉक्टर बोलत ती इंग्रजी त्यांच्याही आजोबांच्या वेळची असावी. अण्णांनी ती जशीच्या तशी घरी आणली. त्यांचं म्हणणं असं, की आजाराला आपल्या भाषेत हाक मारली की तो मुक्कामालाच येतो. इंग्रजीत मारली की त्याला वाटतं हे घर साहेबाचं, इथं आपलं जमायचं नाही, आणि तो आल्या पावली परत जातो.

त्यामुळे आम्हा भावंडांना पित्त कधी झालं नाही. आम्ही 'बिलियस' व्हायचो. आईची कंबर धरली की लंबेगो. सर्दी घशात दाटून खरखरू लागली की कटार. अर्धं डोकं ठणकलं की मेग्रिम. शेजारच्या अक्कांच्या पायांवर पाणी साचून सूज आली, तिला अण्णा ड्रॉप्सी म्हणाले, आणि म्हणताना आवाज इतका खाली आणला की मला ते एखाद्या राजघराण्यातल्या बाईचं नाव वाटलं. पोट साफ न होणारा माणूस कॉस्टिव्ह. हा शब्द जेवतानाही चालायचा, मराठीतला चालला नसता. मी कोपऱ्यात मुसमुसत बसले की 'व्हेपर्स'. पूर्वीच्या गोऱ्या बायकांना कारण नसताना उदास वाटायचं, त्याला असं म्हणत, हे अण्णांनीच सांगितलेलं. मला कारण असायचं, पण ते विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

शाळेत गैरहजेरीचं कारण विचारलं तेव्हा मी ताठ मानेनं 'बिलियस' म्हणाले. बाई इतक्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. घरी येऊन मी दप्तर आपटलं.

"हसू दे की," अण्णा म्हणाले. "पित्त त्यांना हुईल. आपल्याला नाही."

आता अण्णा माझ्याकडे राहतात, त्याच शहरात, हेब्बाळला. आई गेल्यावर त्यांचं विसरणं वाढलं. आधी त्यांची इंग्रजी गेली, एवढी मिरवलेली इंग्रजी, चार-दोन वर्षांत साफ पुसली गेली. मग घराबाहेर बोलायचं कन्नडही विरत गेलं. राहिली घरची मराठी, आणि त्या मराठीत दुखण्यासाठी त्यांनी जन्मभर एक शब्द ठेवला नव्हता.

गेल्या महिन्यात त्यांनी खाणं सोडलं. सारू-भात पुढे केला की तोंड फिरवायचे. डोळ्यांत पाणी यायचं, पण काय होतंय ते सांगता येईना. मी घाबरले. या वयात माणूस जेवायचा थांबला की पुढचं कुणी सांगावं लागत नाही. टेक पार्कच्या मागच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची, स्वभावानं गोड. "एल्लि नोवु, ताता?" कुठं दुखतंय, आजोबा, असं तिनं चारदा विचारलं. अण्णांनी तिला हसून नमस्कार केला आणि म्हणाले, "स्वल्प, स्वल्प." थोडं, थोडं; एवढंच कन्नड उरलं होतं. तिनं पोट दाबून पाहिलं, छाती ऐकली, रक्त घेतलं. घसा बघायला तोंड उघडा म्हटलं तर ओठ मिटून बसले. बाकी सगळं ठीक निघालं.

"कुठं दुखतंय ते त्यांनीच सांगायला हवं," ती मला म्हणाली. ते सांगणार कशात, हे तिला कुठून ठाऊक असणार?

घरी आणून त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि त्यांचेच शब्द एकेक करून त्यांच्यापुढे ठेवू लागले, दुकानदार गिऱ्हाइकापुढे साड्या टाकतो तसे. "अण्णा, बिलियस वाटतंय? कटार? मेग्रिम आहे का?" पाहुण्याचं ऐकावं तसं ते अदबीनं ऐकत होते. एकही शब्द त्यांना ओळखीचा वाटला नाही.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. ज्या माणसानं मला हे सगळं शिकवलं तो मला हवा होता, त्या एका दुपारपुरता. त्यानं यावं, चष्मा कपाळावर चढवावा, समोरच्या या म्हाताऱ्याकडे नीट बघावं आणि मला नाव सांगून जावं. बाकीचं मी निभावलं असतं. इतकी आठवण मला आई गेल्यावर तिचीही आली नव्हती, आणि हा माणूस तर माझ्या समोर बसला होता.

शेवटी मी मराठीत विचारलं. "अण्णा, कुठं दुखतंय?"

मग त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या उजव्या गालावर, जबड्याच्या कडेला नेऊन ठेवला. गाल तापला होता. आत टणक सूज बोटांना लागली. दाढ होती. एवढंच होतं. दाताची डॉक्टर आमच्याच रस्त्यावर बसते.

अण्णांच्या गालाला त्याआधी मी कधी हात लावल्याचं आठवत नाही. फोन करायला उठावं म्हणून हात काढू लागले, तर त्यांनी वरून आपला हात दाबून धरला.

"राहू दे स्वल्प, अक्का," ते म्हणाले. "माझी मुलगी येईपर्यंत."

"येईलच ती आता," मी म्हटलं आणि हात तसाच ठेवला.