मोरचूद न घातलेला चंबू

आमचे हे भलतेच मायाळू. लग्न झालेली लेक घरी आली तरी तिला संत्रं सोलून देतात, तेही बिया काढून. मी बोलून बोलून थकले. पण हीच माया नोकरीवर जंतूंना लावतील, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हे प्रयोगशाळेत मदतनीस. तिथे खाणीच्या पाण्यातले जंतू पाळतात. त्यांना जगायला कडक ॲसिडच लागतं, साधं पाणी सोसत नाही. वर मोरचुदासारखं विषही पचवतात मेले! ही करामत त्यांच्या पोटातल्या डीएनएच्या एका सुट्या कड्यात असते, असं तिथल्या संशोधक मुलीचं म्हणणं. त्या कड्याला प्लास्मिड म्हणतात. पण सिद्ध करायला कडं नसलेला तोच जंतू हवा, आणि वर्षभर नाना खटपटी करूनही कडं काही सुटेना. मुदत संपत आली, पदवीवर पाणी सोडायची पाळी आली, त्यात पोरीचा पाय मोडला.

जंतूंचे चार चंबू ह्यांच्या हवाली करून ती घरी पडली. दर आठवड्याला ताजं ॲसिड, त्यात मोजून मोरचूद, एवढंच काम. तीन चंबूंना ह्यांनी इमानेइतबारे घातलं. चौथा म्हणे जरा अशक्त दिसत होता. अहो, जंतू तो! त्याला दहा आठवडे मोरचूद दिलंच नाही.

पोरगी परतली. चारही चंबूंतलं थोडं थोडं तिने नव्या मोरचुदात घालून पाहिलं. तिघांतले जंतू वाढले, चौथ्यातले सगळे मेले. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ती रडत बसली. इकडे हे घरी येऊन जेवेनात. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. मी चांगलंच फैलावर घेतलं आणि सकाळी कबुली द्यायला पिटाळलं.

"चौथ्याला मोरचूद मी घातलंच नाही," हे तिला म्हणाले. "मला त्याची दया आली."

पोरीने लंगडतच उठून चौथा चंबू तपासला. कडं नव्हतं. विषच नाही म्हटल्यावर जंतूंनी ते ओझं वागवणं सोडून दिलं होतं.

तिला पदवी मिळाली. कडं काढलं कसं, असं परीक्षकांनी विचारल्यावर तिने सरळ ह्यांच्याकडे बोट दाखवलं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी संत्रं मी सोलून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी मात्र ते तसंच बाजूला ठेवलं.

"आता काय झालं?"

"अगं, बाकीचे तिघे अजून मोरचुदातच आहेत."