पिण्यास योग्य

आमच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेली मुलगी एरंडोलची होती. नवरा दालमिलमध्ये सुपरवायझर, सकाळी जायचा तो संध्याकाळीच यायचा. तिला सहावा महिना होता. सासर-माहेर सोडून पहिल्यांदाच शहरात संसार मांडलेला, त्यामुळे आठवड्याभरात ती मला अक्का म्हणायला लागली आणि डाळीत चिंच किती घालायची इथपासून सगळं विचारायला लागली.

आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. धरण भरलेलं असो नाहीतर आटलेलं, आठ दिवस म्हणजे आठ दिवस. कधी नऊ. त्या दिवशी बायका सगळी कामं टाकून नळाशी बसतात. ती आल्यानंतरच्या पाण्याच्या पहिल्याच पाळीला तिने खालून हाक मारली.

"अक्का, पाण्याला वास येतोय. गटारीसारखा."

मी खाली गेले. बादलीत पिवळट, फेसाळ पाणी होतं. वास होताच. पण वीस वर्षं त्याच नळाशी बसलेली मी, मोठ्या जाणकारीने म्हणाले, "पहिली दहा मिनिटं सोडून दे. मग चांगलं येतं."

हे वाक्य आमच्या गल्लीत प्रत्येक सासू प्रत्येक सुनेला सांगते. मी शाळेत शिकवते, तरी मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, की दहा मिनिटांनी वास जातो म्हणजे घाण जाते का?

आमच्या ओट्यावर पाणी शुद्ध करायचं मशीन आहे. प्यायचं पाणी आमच्याकडून नेत जा, असं मी तिला सांगितलं होतं. दोनदा कळशी घेऊन आली, मग संकोचाने यायची थांबली. ती थांबल्याचं माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलावलं नाही. पेपर तपासायचे होते, घरी पाहुणे होते, काहीतरी होतं.

सातवा महिना संपत आला तेव्हा तिचं अन्न तुटलं. फोडणीचा वास आला की उलटी. आम्ही सगळ्या म्हणालो, होतं असं. एका दुपारी ती दारात उभी होती आणि उन्हात मला तिचे डोळे दिसले. हळदीसारखे. मी तिला तसंच रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि आधी नवऱ्याला फोन करायला सांगितलं. म्हणाल्या, "पाण्यातून होणारी कावीळ आहे. इतरांना होते नि जाते. गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. पाणी कुठलं पिता?"

"नळाचं," ती म्हणाली. "दहा मिनिटं सोडून."

पाचव्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी होती. रडलीच नाही. आई दोन दिवस बेशुद्ध होती, मग शुद्धीवर आली आणि हळूहळू वाचली. तिचे आईवडील तिला एरंडोलला घेऊन गेले.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेले. साहेब तरुण होते, बसा म्हणाले, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि एक कागद पुढे केला. 'पाणी पिण्यास योग्य.' खाली शिक्का, सही.

"नमुना कुठून घेतला?" मी विचारलं.

"टाकीवरून."

"आम्ही टाकीत राहत नाही."

ते हसले. "मॅडम, कावीळ बाहेरच्या खाण्यानेही होते. पाणीपुरी वगैरे खाल्ली असेल. या दिवसांत डोहाळे असतात बायकांना."

मेलेल्या लेकराचं खापर त्यांनी पाणीपुरीवर फोडलं, तेही चहा पिता पिता. चहा तसाच ठेवून मी उठले.

माझे वडील शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आता घरीच असतात, पण पाण्यात औषध आहे की नाही ते तपासायची बाटली अजून त्यांच्या कपाटात आहे. मी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले. पुढच्या पाळीला त्यांनी नळाचं पाणी काचेच्या नळीत धरलं, थेंब टाकले आणि उजेडात बघितलं. पाण्यात जंतू मारायचं औषध असेल तर ते पिवळं होतं. झालं नाही.

"हाई पाणीमा दवा नई शे," आबा म्हणाले. "कुठेतरी गटार मिळतंय."

मग हात मागे बांधून ते गल्लीभर फिरले. आमच्या कोपऱ्यावर थांबले. तिथे नळाचा पाइप गटारीत शिरतो आणि पलीकडून निघतो. आठ दिवस पाइप रिकामा असतो, त्यांनी समजावलं, तेवढ्या काळात फटीतून गटारीचं पाणी आत झिरपतं. पाणी सुटलं की ते सगळ्यात आधी तुमच्या बादलीत.

मी ऑफिसात परत गेले. साहेब 'बघतो' म्हणाले. म्हणून पुढच्या पाळीला आम्ही सहा बायका कोपऱ्यावर गटार झाकणाऱ्या ढाप्यावर जाऊन बसलो आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला सांगितलं, खोदल्याशिवाय उठणार नाही. उन्हाने डोकं तापलं, पण कुणी हललं नाही. दुपारी दोन कामगार आले. ढापा उचलला, गाळ काढला. पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, वरून तार. ट्यूब कुजून लोंबत होती.

मला वाटलं होतं, कुणाला माहीत नसेल. पण त्यातला वयस्कर कामगार खाली बघत म्हणाला, "ताई, हे मीच बांधलं होतं. दोन वर्षं झाली. पाइप बदला म्हणून वर लिहून दिलं होतं. आला नाही."

पाइप चार दिवसांनी बदलला. सकाळी सुरू केलं, जेवायच्या सुट्टीआधी झालं. इतकंच काम होतं!

ती ट्यूब मी पिशवीत घालून नेली आणि साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या त्या कागदांवर ठेवली. ते खुर्ची मागे सरकवून उठले. शिपायाला म्हणाले, "उचल, उचल." मी म्हणाले, "राहू द्या. वास घ्या. पहिली दहा मिनिटं आम्हालाही असाच येतो." आणि त्या कामगाराने दिलेल्या कागदाची नक्कल मागितली. रजिस्टर सापडत नाही म्हणाले.

त्या संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला : आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.

मे महिन्यात मी एरंडोलला गेले. ती अंगणात खाटेवर बसली होती, वाळली होती. मी तिला सगळं सांगितलं. दहा मिनिटं सोडायला मीच सांगितलं होतं आणि नंतर तिला वर बोलावलं नाही, तेही. तिने विचारलं, "त्या माणसाने लिहून दिलं होतं?"

"हो."

"मग वाचलं कुणी?"

परत आल्यावर मी माहितीच्या अधिकारात हाच प्रश्न अर्जात लिहिला. 'अभिलेख उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. मी अपील केलं आहे.