शाईची बाजू खाली

काळोखेकाकांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण अर्धा जन्म फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत काढलेल्या माणसाला गल्लीने हे नाव दिलं आणि ते असं चिकटलं, की पुढे पोस्टमनही त्याच नावाने हाक मारू लागला. काकांची तक्रार नव्हती. "अंधारातच माणसाचा चेहरा उजळतो," असं ते म्हणायचे. ऐकणाऱ्याला ते तत्त्वज्ञान वाटायचं; काका बिचारे नुसतं काम सांगत असायचे.

लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोरा कागद हलवता हलवता आधी केस, मग भुवया, मग डोळे वर येतात. हे त्यांनी हजारो वेळा पाहिलं होतं आणि दर वेळी त्यांच्या तोंडून "आला!" निघायचंच. एक चेहरा मात्र त्या ट्रेमध्ये कधी आला नव्हता. काकूंचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! प्रत्येक रोलची शेवटची फ्रेम तुझी, असं काका वर्षानुवर्षं सांगत आले, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या फ्रेमला कुणीतरी गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. मग रोल गेले, मोबाईल आले, आणि मागच्या वर्षी काकूही गेल्या.

उरला तो सुनेच्या मोबाईलमधला एक फोटो. दुकानाच्या काउंटरवर बसून काकू कशाला तरी खळखळून हसतायत. दुकानाची पुढची बाजू, म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि पासपोर्ट फोटो, आता सूनच सांभाळायची. तिने मोठा रंगीत प्रिंट काढून देते म्हटलं.

"नको," काका म्हणाले. "मला ती ट्रेमध्ये वर येताना बघायचीय. एकदाच."

"पण बाबा, मोबाईलच्या फोटोला निगेटिव्ह कुठून आणायची?"

काकांनी नुसतं कपाट उघडलं. कपाटात जुन्या फोटोपेपरचं शेवटचं पाकीट होतं, तेही संपत आलेलं. तसा कागद आता कुठे मिळत नव्हता.

काही दिवसांनी सूनच म्हणाली, "बाबा, निगेटिव्ह म्हणजे शेवटी काय? काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, आणि आरपार दिसणारं. पारदर्शक शीटवर माझा प्रिंटर छापेल की तेवढं."

"शाईने निगेटिव्ह? उद्या कुकरमध्ये फिल्म धुशील!"

पण दुपारी शटर अर्धं खाली ओढून ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिलेच. तिने फोटोचे रंग काढले, मग एक बटण दाबलं आणि काकूंचे पांढरेशुभ्र केस एका क्षणात काळेभोर झाले.

"अगं! ही तर लग्नातल्यासारखी दिसायला लागली!"

"आणि दात काळे झाले ते?"

"काहीतरी मिळवायचं तर काहीतरी जाणारच," काका म्हणाले, आणि दोघंही हसले.

पहिली शीट बाहेर आली तीच रडत. शाई मुरेना, तिचे थेंब होऊन घरंगळायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी! सून प्रिंटरला दोष देत होती, तेवढ्यात काकांनी नवी शीट उचलली, ओठ ओले केले आणि कोपरा ओठांना लावला. मग शीट उलटून पुन्हा लावला.

"ही बाजू. बघ, ओठाला चिकटते. शाई धरणारा मसाला हिच्यावर आहे."

फिल्मचीही मसाल्याची बाजू अंधारात ते अशीच ओळखायचे. काकू म्हणायच्या, "माझ्यापेक्षा निगेटिव्हचे मुके जास्त घेतलेत तुम्ही." हे त्यांना आत्ता आठवलं, पण सुनेसमोर सांगवेना.

या बाजूवर शाई बसली. काकांनी भिंग लावून पाहिलं. नुसते ठिपके! मुंगीच्या पावलाहून बारीक, लाखो ठिपके, आणि भिंग बाजूला केलं की काकू. ते बराच वेळ भिंग लावत राहिले, काढत राहिले. "एवढ्याशा ठिपक्यांत मावते होय गं ही," ते पुटपुटले.

डार्करूममध्ये कागदाचे तुकडे कापून आधी चाचण्या झाल्या. पहिल्या तुकड्यावर काकूंचा नुसता पदर घेतला, तो कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा निघाला. काकांनी उजेड कमी केला, सुनेने शाई वाढवून पुन्हा छापलं. जमलं तेव्हा पाकिटात दोनच पूर्ण कागद उरले होते.

काकांनी एक कागद ठेवला, त्यावर निगेटिव्ह, शाईची बाजू खाली, वरून काच. मसाला कागदाकडे, हा हातांचा जन्माचा नेम. जित्याची खोड! उजेड दिला. कागद ट्रेमध्ये सोडला.

आधी पदराची कड आली. मग भुवया. मग डोळे, आणि त्यांच्याभोवती हसण्याच्या सगळ्या सुरकुत्या एकदम. सुनेने तोंडावर हात ठेवला. असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. काकांनी जन्मभर पाहिलं होतं, तरी ट्रे हलवायचं ते विसरले.

"आली," ते म्हणाले. "हीच. अगदी हीच."

फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून काढून मोठा दिवा लावला तेव्हा सुनेचा चेहरा पडला. "बाबा, उलटा आलाय. आईंचा तीळ डाव्या गालावर होता ना? हा उजव्या गालावर आहे. मी फोटो आरशासारखा उलटवून छापायला हवा होता. शाई खाली घालायची हे मला माहीतच नव्हतं."

"उलटवायचा असतो हे मला माहीत नव्हतं. कॅमेऱ्याची फिल्म उलटीच येते," काका म्हणाले. पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. उलटा फोटो त्यांना हुबेहूब वाटला कसा?

मग त्यांना कळलं. गिऱ्हाइकांनी केस विंचरावेत म्हणून स्टुडिओत कॅमेऱ्यासमोरच्या पडद्याशेजारी आरसा होता. काका कॅमेऱ्यामागे, काकू त्यांच्या पाठीमागे काउंटरवर. न वळता ते आरशातूनच तिच्याशी बोलायचे. "एकदा मान वळवून बघा की," ती म्हणायची. "मी काय आरशात राहते?"

ही तिची चेष्टाच, असं ते नेहमी समजत आले होते.

सुनेने फोटो उलटवून छापला. शेवटचा कागद ट्रेमध्ये गेला. पुन्हा भुवया, पुन्हा डोळे. पण भांग दुसरीकडे, हसू दुसऱ्या बाजूला उचललेलं, तीळ डाव्या गालावर. जी सगळ्या जगाने पाहिली होती, ती बाई लाल उजेडात हळूहळू वर आली. काका बघत राहिले. नवी होती. किती सुंदर होती!

"आता बरोबर आहे ना, बाबा?"

काकांनी मान डोलावली. मग दोन्ही हात ट्रेच्या कडांवर टेकवून खाली वाकले.

"वळलो गं," ते म्हणाले. "बघतोय."