पारशाची मोटार

आमच्या कळसच्या वस्तीवर एक खोली होती, तिला दार नव्हतं. चारी बाजूंनी दगडी भिंत, वर पत्रा आणि पत्र्यावर दरसाल रचलेला कडबा. लहानपणी आम्हा भावंडांची खात्री होती की आत सोन्याचा हंडा आहे. मोठ्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "दुसऱ्याची ठेव हाय, तुमाला काय करायचंय?" त्यामुळे हंडा आहे याबद्दल उरलीसुरली शंकाही फिटली.

नव्वदच्या दशकात माझ्या धाकट्या भावानं डाळिंबाची बाग लावली. फळं निवडायला आणि खोक्यांत भरायला त्याला जागा हवी होती. मी तेव्हा बारामतीच्या एका हायस्कुलात मास्तर होतो आणि शनिवारी शाळा सुटली की वस्तीवर यायचो. आमचे थोरले चुलते, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची, ते त्या दिवशी पिंपळीला नातेवाइकांकडे जावळाला गेले होते. भावानं तो मुहूर्त साधला. आबा असते तर पहार भिंतीला लागू दिली नसती.

तासाभरात माणूस आत जाईल एवढं भगदाड पडलं. आत सोन्याचा हंडा नव्हता. आत एक मोटार होती.

लांबलचक, बोटभर धुळीखाली कोणत्या रंगाची होती ते कळेना. चारी टायर जमिनीला चिकटलेले. बैठकीच्या स्प्रिंगा वर आलेल्या. तिचं छत कापडाचं होतं, ते उंदरांनी खाऊन नुसत्या लोखंडी फासळ्या ठेवल्या होत्या. त्या फासळ्या मागे दुमडता येतात आणि गाडी उघडी होते, हे मी पुढे पुण्याला जाऊन शिकलो. त्या दिवशी मात्र गावानं एकमुखानं निकाल दिला, की गाडीचा टप चोरीला गेला आहे.

संध्याकाळपर्यंत वस्तीवर जत्रा भरली. एकजण म्हणाला गाडी इंग्रज कलेक्टरची, दुसरा म्हणाला कुठल्याशा संस्थानिकाची. ग्रामपंचायतीचे एक सदस्य बराच वेळ फासळ्यांकडे बघत होते. शेवटी त्यांनी सल्ला दिला, की बाकी काही करू नका, आधी वर स्लॅब टाकून घ्या. बायकांनी पुढच्या दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावलं. आबा मुक्कामाच्या एसटीनं परत आले तेव्हा कुणीतरी नारळही फोडला होता. आबांनी गर्दी बघितली, भगदाड बघितलं, आणि माझ्या भावाला एवढंच म्हणाले, "दार पाडायचं तर निदान सरळ पाडायचं."

मग त्या रात्री जेवताना त्यांनी आम्हाला सगळी हकीकत सांगितली.

स्वातंत्र्यानंतरची ती चार-सहा वर्षं. आमचं घर तेव्हा मेंढरांवर होतं. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. एका थंडीत पुण्याचा एक पारशी कंत्राटदार या माळावर हरणाच्या शिकारीला आला. हरिण मिळालं नाही, उलट ओढ्यात गाडीचं काहीतरी मोडलं. आमच्या आजोबांनी बैल जुंपून गाडी वस्तीवर आणली आणि या खोलीत ठेवली. पारशी म्हणाला, आठ दिवसांत मिस्त्री घेऊन येतो, तोवर सांभाळा. आजोबांनी बिरोबाचा भंडारा हातात घेऊन सांभाळतो म्हणून शब्द दिला. पारशी जो गेला तो गेलाच.

मेंढरं थांबू शकत नव्हती आणि शब्दही मोडता येत नव्हता. तेव्हा आबांचं नुकतंच लग्न झालं होतं. आजोबांनी त्यांना सांगितलं, तुम्ही नवराबायको हितं ऱ्हावा, गाडीवर लक्ष ठेवा, आमी जाऊन येतो. ते एका सालापुरतं होतं. पुढच्या साली पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. बसून करायचं काय म्हणून आबांनी माळ नांगरला, विहीर धरली. कालव्याचं पाणी आलं तेव्हा घ्यायला हजर असलेले आमच्या भावकीतले ते एकटेच होते. पुढे एकेक भाऊ मेंढरं मोडून त्यांच्या शेतीत येऊन मिळाला. पोरं गाडीवर दगड मारतात म्हणून आजोबांनी मरण्याच्या आदल्या साली खोलीचं दार दगडानं चिणून टाकलं, आणि आबांकडून पुन्हा एकदा शब्द घेतला.

हे सगळं आबांनी अशा सुरात सांगितलं की जणू सगळ्याच घरांत एखादी पारशाची गाडी असते.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. हे तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे अध्यक्ष. संस्थेत दूध कमी आणि सभा जास्त होत असत. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, आणि त्याआधी स्वतःचा पन्नासावा वाढदिवस इंदापुरात मिरवणुकीनं साजरा करायचा होता. त्यांच्या विरोधकाची मिरवणूक आदल्या वर्षी घोड्यांच्या रथातून निघाली होती. रथाला घोडे असतात आणि घोडे रस्त्यात काय करतात हे सगळ्यांनी बघितलं होतं. अध्यक्षांनी बिनटपाच्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, नेता कसा लोकांना सगळीकडून दिसला पाहिजे.

आबा म्हणाले, "गाडी आमची न्हाय. मालकाला इचारा."

अध्यक्षांनी समजावलं की मालक आता हयात असायचा नाही. आबा म्हणाले, मग त्याच्या पोराबाळांना विचारा. अध्यक्षांना माणसं वळवण्याची सवय होती, पण आबा वळेनात. शेवटी गाडीच्या खणात सापडलेल्या एका पिवळ्या कार्डावरचा पत्ता घेऊन मी पुण्याला निघालो. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, त्यामुळे पारशी शोधणं हे माझंच काम ठरलं.

लष्कर भागात ते घर आश्चर्यकारकरीत्या अजून तिथंच होतं. दार उघडलं ते कंत्राटदाराच्या मुलीनं. पासष्टीच्या आसपासच्या बाई, फुलाफुलांचा झगा, बगलेत एक म्हातारं कुत्रं. मी मोटारीचं नाव काढताच त्यांनी कुत्रं खाली ठेवलं आणि खुर्चीत बसून हसू लागल्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं ते असं.

ती गाडी त्यांच्या आजोबांनी, म्हणजे कंत्राटदाराच्या सासऱ्यांनी, लग्नात गळ्यात बांधलेली. दर रविवारी बंद पडायची. बायको आत बसून छत्री धरायची आणि नवरा मागून ढकलायचा. विकावी तर सासऱ्यांना वाईट वाटेल. ओढ्यात ती मोडली तेव्हा कंत्राटदारांना देवानंच वाट दाखवली असं वाटलं. घरी येऊन त्यांनी सांगितलं की गाडी पुरात वाहून गेली. बाईंची आई एक दिवस रडली आणि पुढच्या महिन्यात टपाची गाडी आली. थंडीत पूर कुठून आला हे कुणीही विचारलं नाही.

"डॅडींनी मरायच्या टायमाला मला खरा सांगितला," बाई म्हणाल्या. "बोलले, धनगर मानूस गरीब होता, विकून खाऊन सुखी झाला असेल."

त्यांनी मला बिस्किटं दिली आणि एका कागदावर लिहून दिलं की गाडी आता तुमचीच, काय हवं ते करा.

परतीच्या एसटीत मी तो कागद चार वेळा वाचला. वस्तीवर पोहोचल्यावर मी आबांना एवढंच सांगितलं की मालकाची लेक भेटली, मिरवणुकीला तिची परवानगी आहे. बाकीचं मी गिळलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं राखण केली त्याला, मालकाला गाडी नकोच होती, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभा करत असे. त्या आठवड्यात कुणालाही केलं नाही.

अध्यक्षांनी बारामतीहून मिस्त्री आणला. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आदरानं परत मिटलं आणि इंजिनाला त्रास देऊ नका म्हणाला. तेव्हा भगदाड वाढवून गाडी बाहेर काढायची, तिला ट्रॉलीची चाकं बसवून ट्रॅक्टरनं ओढायची आणि ट्रॅक्टर झेंडूच्या माळांत लपवायचा असं ठरलं. कार्यकर्त्यांनी गाडीला ब्रशनं हिरवा तेलरंग फासला. तळाच्या लाकडी फळ्या वाळवीनं पोखरल्या होत्या, त्यांच्यावर लाल गालिचा अंथरला. गालिचा टाकला की खालचं काही दिसत नाही, हे दूध संस्थेत त्यांनी आधीच शिकून घेतलं होतं.

मिरवणुकीच्या दिवशी इंदापुरात ताशा, हलगी, फटाके, सगळं होतं. अध्यक्ष फेटा बांधून गाडीत उभे राहिले. देह भरभक्कम. आबा गाडीच्या दारावर हात ठेवून शेजारून चालत होते, कारण परवानगी असली तरी ठेव ती ठेव. मी त्यांच्या मागे होतो. बाजारपेठेच्या वळणावर ट्रॅक्टरनं जरा हिसका दिला आणि कडाड आवाज झाला. फटाक्यांमुळे तो फारसा कुणाला ऐकू गेला नाही. अध्यक्ष एकाएकी वीतभर बुटके झाले.

मी खाली वाकून बघितलं. गाडीच्या पोटाखाली अध्यक्षांचे दोन पाय रस्त्यावर होते आणि चालत होते.

थांबा म्हणावं तर पुढं हलगी, मागं घोषणा. शिवाय रथवाल्या विरोधकाची माणसं दोन्ही बाजूंच्या माडीवर बसलेली. अध्यक्षांनी क्षणभर आबांकडे बघितलं, मग चेहऱ्यावर हसू आणून हात हलवणं चालू ठेवलं. ट्रॅक्टर चालला की ते चालायचे, थांबला की थांबायचे. वरून फुलं पडत होती. आबांना परिस्थिती कळली होती. ते एकदा दाराशी वाकून हळूच म्हणाले, "अध्यक्ष, जरा दमानं. म्होरं गटार हाय."

अख्खी बाजारपेठ ओलांडून मिरवणूक शाळेच्या मैदानावर आली. तिथं कार्यकर्त्यांनी अध्यक्षांना काखेत हात घालून वर ओढलं. तोवर बातमी फुटली होती. आता हसं होणार असं मला वाटलं. पण अध्यक्ष माईकवर गेले आणि म्हणाले, की मला गाडीत बसवलं, तरी माझे पाय जमिनीवरच राहतात. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी स्थानिक वार्ताहरानं, गाडी असूनही जनतेबरोबर पायी चाललेला नेता, असं छापून आणलं. त्यांना तिकीट मिळालं आणि ते निवडूनही आले. पायाचे फोड बरे व्हायला मात्र पंधरा दिवस लागले असं ऐकलं.

गाडी वस्तीवर परत आली आणि आबांनी जेवण सोडलं. तळाचं भोक बघायचे आणि कपाळावर हात मारून बसायचे. पारशाच्या लेकीला काय तोंड दाखवू, बापानं भंडारा उचलला होता, असं चाललं होतं. दुसऱ्या दिवशीही ते जेवले नाहीत, तेव्हा मी त्यांना विहिरीपाशी नेऊन सगळं सांगितलं. पूर, टपाची गाडी, काही म्हणता काही लपवलं नाही. बाईंचा कागदही वाचून दाखवला.

आबा मोटेच्या जुन्या दगडावर बसले. मला वाटलं, फुकट गेलेल्या वर्षांचं बोलतील. ते म्हणाले, "मास्तर, आमी इकून खाऊ, असं वाटलं व्हय त्याला?"

मी म्हणालो, त्यानं ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं.

"चांगल्या मनानं म्हनला आसंल. पर वाटलं तर तसंच ना?"

त्या संध्याकाळी ते जेवले. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचा नाद असलेला पुण्याचा एक तरुण गाडी न्यायला आला. आबांनी ती त्याला फुकट दिली. मात्र गाडी मिळाल्याची पोच त्याच्याकडून लिहून घेतली आणि मला ती पारशीणबाईंना पोस्टानं पाठवायला लावली. ट्रक रस्त्याला लागेपर्यंत ते बांधावर उभे होते.

दिवाळी झाली आणि आबांनी काठी काढली. भावकीतलं एक बिऱ्हाड अजून मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, त्यांच्याबरोबर जातो म्हणाले. वय झालंय, गुडघे दुखतात, सगळ्यांनी सांगून बघितलं. चुलतीनं मात्र त्यांना दशम्या बांधून दिल्या. माझे वडील आणि बाकीचे भाऊ तारुण्यात दरसाल ज्या वाटेनं गेले, त्या वाटेनं आबा लग्नानंतर पहिल्यांदा गेले, तेही पासष्टी ओलांडल्यावर.

शिमग्याच्या सुमारास ते एसटीनं एकटेच परत आले. काळे पडले होते, दाढी वाढली होती, पिशवीत सुकट होती. तिच्या वासानं अर्धी एसटी रिकामी झाली असं त्यांनीच सांगितलं. आम्ही सगळे भोवती बसलो. वडिलांनी विचारलं, दादा, एवढ्या वर्षांनी समुद्र बघितला का?

"बघितला," आबा म्हणाले. "पानी लई हाय. पर शेतीच्या कामाचं न्हाय."

मग त्यांनी चहा घेतला आणि डाळिंबाचं ठिबक नीट चालतंय का ते बघायला बागेकडे गेले.