एरंडेलातल्या मोहऱ्या

रुग्णालयातून ह्यांचा फोन आला तेव्हा मी गौरीसाठी पेज करत होते. “आता आणू नकोस,” एवढंच हे म्हणाले. आदल्या संध्याकाळपर्यंत बोलत होती, तापच तर होता... मी गॅस बंद केला. पेज पातेल्यात तशीच राहिली.

गौरी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर साताऱ्याहून आमच्याकडे अंबत्तूरला आली आणि इथेच वाढली. शाळेत तमिळ, घरात मराठी, चिडली की दोन्ही. पुढे पीएच.डी. करू लागली. मी चौथी शिकलेली. शेजारणींनी विचारलं की “कंप्यूटरचं काहीतरी” म्हणून मोकळी व्हायचे. ते तिला लागलं असावं. एक दिवस तिने काचेच्या बाटलीत एरंडेल ओतलं, चिमूटभर मोहऱ्या टाकल्या, झाकण घट्ट लावून बाटली उलटी केली. “हे बघ माझं काम. दाटसर पदार्थात दाणे असले की तो कसा वाहतो, कुठे अडतो. रंगात, सिमेंटात, औषधात, सगळीकडे हेच.”

“मग बाटलीतच बघत बस की.”

“अय्यो मावशी, लाखो दाणे असतात. ते मी कंप्यूटरमध्ये सोडते. पण एकेकाचा हिशोब करायला त्याला फार दिवस लागतात. म्हणून उदाहरणं दाखवून दाखवून त्याला अंदाज बांधायला शिकवते. तू मला कणीक भिजवायला कशी शिकवलीस? तसंच.” मग काचेला लागून रेंगाळणाऱ्या एका मोहरीवर बोट ठेवून म्हणाली, “आणि ही तू. भिंतीजवळचा दाणा सगळ्यांत हळू जातो.”

खरंच होतं. लग्नाकार्यातही मी भिंतीकडेची खुर्ची धरते.

तिच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला घरच्यांनाही बसता येणार होतं. “पहिल्या रांगेत बस,” म्हणाली, “घाबरले तर तुझ्याकडे बघीन.” मी साडीसुद्धा काढून ठेवली. पण सकाळी पाय निघेना. तिथे कोणी इंग्रजीत काही विचारलं तर... ह्यांच्याबरोबर रव्याच्या लाडवांचा डबा पाठवला, आणि घरी राहिले. संध्याकाळी गौरीने रिकामा डबा ओट्यावर ठेवला.

“लाडू आले, तू नाही आलीस.”

“पुढच्या वेळी येईन गं.”

“ही परीक्षा दोनदा देत नाहीत, मावशी.”

हसूनच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला ताप आला.

गेल्या आठवड्यात तिच्या सरांनी परीक्षेच्या त्याच खोलीत तिच्यासाठी शोकसभा ठेवली. ह्यांना वाटलं, मी याही वेळी घरीच राहीन. मी गेले. पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर तिचे रंगीत दाणे वाहत होते. मला कोणी काही विचारलं नाही. एका मुलीने पाणी आणून दिलं. एवढंच होतं सगळं. एवढ्यालाच मी भ्याले होते... आणि आता माझ्याकडे बघायला समोर ती नव्हती.

बाटली ओट्यावरच आहे, मिठाच्या बरणीशेजारी. सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी ती उलटी करते. मधल्या मोहऱ्या खाली जाऊन बसतात. चहा उकळतो, गाळून होतो, तरी काचेजवळची एक अजून वाटेतच असते. ती तळाला पोचेपर्यंत मी कपाला हात लावत नाही.